कपाटातली राणीसाहेब

पहिला दमदार पाऊस झाला की रात्री पॅसेजमधल्या ट्यूबलाइटखाली मुंगळ्यांच्या राण्या पंख झाडून सैरावैरा फिरत असतात, त्यातलीच एक मी घरी मुंग्या पाळायच्या म्हणून उचलून टेस्ट ट्यूबमध्ये घातली. तळाला पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, मग परत कापूस, झाला राजवाडा. खायला काहीच द्यायचं नाही कारण पहिली पिल्लं कामाला लागेपर्यंत बाई पंखांचे स्नायू आणि अंगातली चरबी जिरवून स्वतः पण जगते आणि पोरांना पण भरवते.

खरा ताप वेगळाच. तिला अंधार लागतो, हादरे चालत नाहीत, फार छळलं तर स्वतःचीच अंडी खाऊन टाकते. आमच्या घरात अंधार आणि शांतता एकाच ठिकाणी, बायकोच्या साड्यांच्या कपाटात. त्यात ऐन श्रावण. मंगळागौरीला निघायच्या घाईत बायको दार चोरासारखं इंच इंच उघडतेय आणि मी मागे उभा राहून "हळू, हळू" करतोय.

"अरे, हिचं बाळंतपण होईपर्यंत मी काय गाऊनवर जाऊ का?"

आई मात्र आमच्या पार्टीत, मुंग्यांना साखर घातली की पुण्य लागतं म्हणून. तीच आई ओट्यावर मुंगी दिसली की हळद घेऊन धावते ते सोडा.

शेवटी कामकरी निघाल्या, पहिली बॅच नेहमीच किडकिडीत असते. हौसेने पाहुण्यांना दाखवलं तर म्हणे, "या काही करतच नाहीत की." बरोबरच आहे. मुंगी म्हणजे कष्टाळू ही जाहिरातबाजी आहे. ॲरिझोना विद्यापीठात एका जातीच्या मुंग्यांना रंगाचे ठिपके लावून पाहिलं तर ४० टक्क्यांच्या आसपास नुसत्या बसून, पण कामाच्या काढून घेतल्या की त्या बसलेल्यांतल्याच काही कामाला लागतात. हे मी सोफ्यावर आडवा पडून सांगितलं. बायको म्हणाली, "मग मी माहेरी जाऊन बघू?"

विषय बदलायला मी मुंग्यांचे शास्त्रज्ञ ई. ओ. विल्सनसाहेबांचं सांगितलं. मेलेल्या मुंगीला ओलेइक आम्लाचा वास येतो म्हणून बाकीच्या तिला कचऱ्यावर नेऊन टाकतात, तर या माणसाने ते आम्ल जिवंत मुंगीला चोपडलं. ती पाय झाडतेय तरी तिला उचलून टाकली, अंग पुसून वास जाईपर्यंत घरात एंट्री नाही! चिरंजीवांच्या फुटबॉलच्या मोज्यांना हा नियम तेव्हापासून लागू आहे.

आता नुसत्या साखरपाण्यावर भागत नाही, अळ्यांना प्रोटीन लागतं म्हणजे झुरळ. ते पण स्प्रे मारलेलं नको, नाहीतर अख्खी वसाहत जायची. त्यामुळे घरात वटहुकूम, झुरळ चपलेनेच मारायचं, ते पण बेताने, चटणी व्हायला नको. ही खबर शेजारच्या काकूंपर्यंत गेली आणि परवा दुपारी बेल वाजली, दारात काकू, हातात पेपरची पुडी.

"तुझ्या मुंग्यांना आणलंय हो. स्प्रे नाही मारला, चप्पल पण नाही मारली, ताजंच आहे अगदी."

पुडी माझ्या हातात येईपर्यंत रिकामी होती.