खालच्या अंगाला राहणारी माणसे

माझे माहेर सोलापूरचे आणि गेली सव्वीस वर्षे मी पुण्यात सिंहगड रस्त्याला राहते. आमच्या घरी सकाळी नळाला खडकवासल्याचे पाणी येते. ते वापरून झाल्यावर मोरीतून जे जाते, ते मुठेत, संगमानंतर मुळा-मुठेत, पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेत आणि भीमेतून उजनी धरणात पोहोचते. सोलापूर शहर उजनीचे पाणी पिते. म्हणजे माझ्या घरातल्या धुण्याभांड्याचे पाणी शेवटी माझ्या आईच्या माठाकडेच निघालेले असते. हे मला लग्नानंतर कित्येक वर्षे कळले नव्हते. ज्या दिवशी कळले, त्या दिवसापासून राजकारणाकडे, आणि खरे सांगायचे तर युद्धांच्या बातम्यांकडेही, मी वेगळ्या नजरेने पाहू लागले.

आईकडे पाणी चार-पाच दिवसांआड येते. त्या दिवशी घरात दुसरे काही होत नाही. पहाटे हौद घासायचा, पिंप, कळशा, पातेली, अगदी दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन त्याही भरून ठेवायच्या. मागच्या उन्हाळ्यात मी तिथे होते. नळ आला तसा आईने पहिला तांब्या ओंजळीत ओतून नाकाशी नेला, वास घेतला आणि म्हणाली, "आलं बघ तुमच्या पुण्याचं पाणी." मग तिने पिंपात तुरटीचा खडा फिरवला आणि वर फडके बांधले. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पंचाहत्तरीच्या बाईने ज्या गोष्टीपुढे आता हात टेकले आहेत, तसा तो स्वर होता, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

पुण्याच्या मैलापाण्याचे शुद्धीकरण ही काही कोणाला न सुचलेली गोष्ट नाही. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून मुळा-मुठेच्या प्रदूषण नियंत्रणाचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला. त्याचा खर्च ९९० कोटी रुपये होता, अकरा नवी केंद्रे उभारायची होती, त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर असणार होती आणि हे सारे २०२२ च्या सुरुवातीला पूर्ण व्हायचे होते. प्रत्यक्षात ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधान पुण्यात आले तेव्हा या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले, तोवर खर्चाचा आकडा १,४७० कोटींच्या पुढे गेला होता. त्याच दिवशी नदीकाठ सुधार योजनेच्या पहिल्या नऊ किलोमीटरांचेही भूमिपूजन झाले. ही दुसरी योजना एकूण ४४ किलोमीटरची आणि सुमारे ४,७०० कोटींची आहे.

त्यानंतर आठच दिवसांनी महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. पुढची जवळजवळ चार वर्षे, म्हणजे १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान होईपर्यंत, या शहरात एकही नगरसेवक नव्हता. काठावर भराव टाकण्याचे काम सुरू झाले, झाडे तोडण्यावरून आंदोलने झाली, लोकांनी झाडांना मिठ्या मारल्या, न्यायालयात दावे गेले, आणि या सगळ्या काळात सभागृहात उभे राहून प्रश्न विचारू शकेल असा माणूसच नव्हता. निवडणुका लांबण्यामागे आरक्षणाचे आणि प्रभागरचनेचे खटले होते हे मला माहीत आहे, आणि ते प्रश्न खोटे नव्हते. पण इतक्या मोठ्या शहराची नदी बदलून टाकणारे निर्णय त्या पोकळीत होत राहिले, हे मला आजही मान्य होत नाही. कोणताही पक्ष सत्तेत असता तरी मी हेच लिहिले असते.

नदी स्वच्छ व्हावी, काठावर लोकांना बसता-फिरता यावे याला माझा विरोध नाही. माझा विरोध क्रमाला आहे. आधी मैलापाणी थांबवा, मग काठाचे पाहा. साबरमतीचे उदाहरण सतत दिले जाते, पण अहमदाबादेत दिसणारे ते भरलेले पात्र नर्मदेच्या कालव्याच्या पाण्यावर उभे आहे. मुठेची गोष्ट निराळी आहे. तिच्या खोऱ्यात खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी चार धरणे आहेत आणि त्यांची एकत्रित क्षमता सुमारे २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट आहे. उन्हाळ्यात तिच्यात सांडपाण्याखेरीज फारसे काही वाहत नाही आणि पावसाळ्यात धरणे भरली की ती काही तासांत पात्र भरून वाहते. अशा नदीच्या कडांना भराव घालणे धोक्याचे आहे असे अभ्यासक सांगत आले आहेत. पूरपातळी वाढणार नाही, असे पालिकेचे म्हणणे आहे. २५ जुलै २०२४ नंतर मला त्या म्हणण्यावर विसंबून राहणे जमत नाही.

त्या पहाटे सिंहगड रस्त्यालगतच्या, मुठेकाठच्या एकतानगरीत धरणातून सोडलेले पाणी शिरले. माझी नणंद तिथे तळमजल्यावर राहते. दुपारी लष्कराचे जवान आणि होड्या आल्या, पाणी उतरले, आणि संध्याकाळी मी तिच्याकडे पोहोचले तेव्हा भिंतीवर माझ्या छातीच्या उंचीला चिखलाची सरळ रेघ उमटली होती, आखणीपट्टी धरून काढावी तशी. फ्रिज आडवा पडला होता. तूरडाळीचा डबा फुगून फुटला होता. लग्नाचा अल्बम तिने गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातला होता, आणि एकेक पान सोडवताना चेहरे कागदावरून निघून बोटांना चिकटत होते. ती रडत नव्हती. तिने एकच विचारले, "वहिनी, पाणी सोडणार हे कुणाला तरी माहीत असेलच ना?" त्या रात्री त्यांच्या इमारतीचा जिना चढून कोणी सांगायला आले नव्हते, एवढे मात्र खरे.

पुण्याला पुराची आठवण नाही असे नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले, आणि जुन्या पेठांतली माणसे अजूनही काळ मोजताना "पुराच्या आधी" आणि "पुरानंतर" असे म्हणतात. तरीही निळी पूररेषा, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची रेघ, कोणत्या इमारतीतून जाते हे फ्लॅट घेताना आपल्याला कोणी दाखवत नाही. नणंदेला तरी कोणी दाखवली नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागात, नांदेड, किरकटवाडी आणि धायरी या परिसरात, जीबीएसची, म्हणजे मज्जातंतूंवर हल्ला करणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमची, साथ आली. दोनशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि संशयाची सुई पुन्हा दूषित पाण्याकडेच गेली. हा आजार पायांपासून वर चढतो. आमच्या शेजारचा एक तरुण मुलगा तीन आठवडे व्हेंटिलेटरवर होता आणि अजून काठी घेऊन चालतो.

आता युद्धांविषयी. मी हे का जोडते आहे, असे काहींना वाटेल. ६ जून २०२३ रोजी युक्रेनमध्ये नीपर नदीवरचे काखोव्का धरण फुटले. धरण रशियन सैन्याच्या ताब्यात होते. दोन्ही देशांनी एकमेकांना दोष दिला, पण ते आतून स्फोटाने उडवले गेले असावे याकडेच बहुतेक पुरावे बोट दाखवतात. त्याच्या जलाशयात सुमारे १८ घन किलोमीटर पाणी मावत असे. आपल्या मापाने ते ६४० टीएमसीच्या आसपास होते. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी आहे, म्हणजे सहा कोयना एकत्र. खेरसन शहराचा सखल भाग आणि खालची गावे बुडाली, आणि वरची क्रिव्ही रिहसारखी शहरे उलट पाण्याला मोताद झाली, कारण त्यांचे पाणी त्याच जलाशयातून येत होते. छपरांवर बसलेल्या माणसांची छायाचित्रे मी त्या वेळी पाहिली होती. वर्षभराने नणंदेच्या घरी ती भिंतीवरची रेघ पाहिली तेव्हा ती सगळी छायाचित्रे मला पुन्हा आठवली.

मुठेतला विसर्ग आणि युद्धातला स्फोट एकाच पारड्यात मी घालत नाही. एकात दुर्लक्ष असते आणि दुसऱ्यात घात. पण दोन्हीकडे निर्णय घेणारा वरच्या अंगाला असतो आणि त्याच्या हिशेबात खालच्या अंगाचा माणूस धरलेला नसतो. आणि या बाबतीत एकच बाजू दोषी आहे असेही नाही. क्रिमिया रशियाने बळकावल्यानंतर २०१४ मध्ये युक्रेनने क्रिमियाकडे जाणारा कालवा अडवला आणि तिथली शेती वाळली. फेब्रुवारी २०२२ मध्ये आक्रमण केल्यावर रशियन सैन्याने पहिल्याच काही दिवसांत तो बांध उडवला. आक्रमक कोण याबद्दल माझ्या मनात शंका नाही, तो रशियाच आहे. तरीही कालवा अडवला तेव्हा वाळलेली शेते शेतकऱ्यांची होती.

गाझाबद्दल लिहिताना आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे बाराशे माणसे मारली आणि अडीचशे ओलिसांना पळवून नेले, हे अमानुष होते. त्यानंतर इस्रायलने गाझाचे पाणी, वीज आणि इंधन तोडले, हेही अमानुष होते. इंधन नसल्याने मैलापाण्याची केंद्रे बंद पडली, तंबूंमधून घाण पाणी वाहू लागले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे पंचवीस वर्षांनी पोलिओचा पहिला रुग्ण सापडला. ते दहा महिन्यांचे बाळ होते. जीबीएसच्या दिवसांत आमच्या सोसायटीत मुलांना पाणी उकळून गाळून देताना मला त्या बाळाची आठवण येत असे. आमच्याकडे निदान उकळायला गॅस होता.

आणि आता आपल्या घरचे, जे लिहायला मला सर्वात जड जाते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला पर्यटकांना धर्म विचारून मारले. त्यात महाराष्ट्रातले सहा जण होते आणि त्यांतले दोघे पुण्याचे. अंत्ययात्रेच्या दिवशी शहरात जी शांतता होती ती मी विसरू शकत नाही. हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी सरकारने पाकिस्तानशी १९६० साली झालेला सिंधू जलकरार स्थगित केला, आणि त्या रागात मीही होते. अतिरेक्यांना पोसणाऱ्या राज्याशी १९६० सालच्या सौजन्याने वागत राहावे असे मला आजही वाटत नाही. लष्करी कारवाईलाही माझा पाठिंबा होता.

पण त्यानंतर माझ्या ओळखीच्या माणसांनी, अगदी कोणाचे वाईट न चिंतणाऱ्या माणसांनी, "त्यांना एकेक थेंबासाठी तडफडू द्या" असे लिहिले, तेव्हा माझे मन मागे हटले. सिंधू, झेलम आणि चिनाब यांचे पाणी अडवून ठेवण्याइतके मोठे साठे आपल्याकडे आज नाहीत, ही तांत्रिक बाब झाली. समजा उद्या तसे साठे झाले, तरी तडफडणार कोण? हल्ल्याचा कट रचणारा नव्हे. तडफडेल मुलतानच्या बाजूचा कापूस उत्पादक, आणि त्याच्या घरी पिंपाला फडके बांधणारी एखादी म्हातारी. आपण खालच्या अंगालाही आहोत हे विसरून चालत नाही. तिबेटमध्ये यारलुंग त्सांगपोवर, म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेवर, चीनने जुलै २०२५ मध्ये प्रचंड जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केले. त्याची नियोजित क्षमता ६०,००० मेगावॉट आहे. पाणी हे शस्त्र आहे हे तत्त्व आपणच मान्य केले, तर आसामच्या वतीने आपण चीनपुढे कोणत्या तोंडाने बोलणार? करार नव्याने करा, कडक अटी घाला, पुराची आणि विसर्गाची माहिती मात्र देत राहा, असे माझे मत आहे. ते आज लोकप्रिय नाही याची मला जाणीव आहे.

राहता राहिला आपला प्रभाग. नव्या महापालिकेत ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडून आले आहेत. चार जणांचा प्रभाग असला की प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवू शकतो, ही या पद्धतीची मोठीच उणीव आहे. म्हणून आम्ही काही शेजाऱ्यांनी चौघांच्या नावे एकच पत्र लिहिले आहे. धरणातून विसर्ग वाढवण्याआधी नदीकाठच्या प्रत्येक सोसायटीच्या दारात भोंगा वाजावा आणि रात्री माणूस पाठवावा. निळी आणि लाल (शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची) पूररेषा प्रत्येक इमारतीच्या भिंतीवर रंगाने आखावी. प्रत्येक शुद्धीकरण केंद्रातून रोज किती पाणी खरोखर शुद्ध होऊन बाहेर पडते, तो आकडा मराठीत, सर्वांना दिसेल असा जाहीर करावा, आणि तो दरमहा सोलापूर महापालिकेलाही कळवावा. हे शेवटचे कलम माझ्या आग्रहाने घातले आहे. एका शेजाऱ्यांनी विचारले, सोलापूरचा आपल्या प्रभागाशी काय संबंध? मी त्यांना आईच्या पिंपाबद्दल सांगितले. त्यांनी सही केली.

सह्यांचा कागद आमच्या सोसायटीच्या फाटकाशी, पहारेकऱ्याच्या टेबलावर रविवारपर्यंत आहे. रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही पत्र द्यायला निघणार आहोत. नदीच्या दोन्ही काठांवरून कोणी आले तरी चालेल.