दप्तरं नकोत, ताईचं मानधन द्या

वाद पेटला तो मंडळाच्या शिल्लक वर्गणीवरून. यंदा मांडव लहान, ढोलपथक नाही, त्यामुळे पैसे उरले. ते मुलांच्या शिक्षणाला द्यायचे यावर कट्ट्याचं एकमत होतं. मागच्या रस्त्याला दोन टॉवर उभे राहतायत. तिथल्या मजुरांच्या पोरांसाठी एक संस्था साइटवरच पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग चालवते. द्यायचे तर तिथेच, हेही ठरलं. पण द्यायचं काय?

दादाचं उत्तर तयार होतं : दप्तरं, वह्या, पाण्याच्या बाटल्या. "पोरांच्या हातात वस्तू दिसली पाहिजे. वर्गणी देणाऱ्यालाही कळतं, आपला पैसा कुठे गेला." आयटीवाला म्हणाला, टॅब घ्या, गणिताचे खेळ टाकून द्या.

मी त्या वर्गात जाऊन बसलेलो आहे, त्यामुळे गप्प राहवेना. तिथली ताई शेजारच्याच वस्तीतली, बारावी झालेली. तिच्यासमोर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी बसली होती, मांडीवर धाकटा भाऊ. तिने बाराखडी घडाघडा म्हणून दाखवली. मग ताईने 'कमळ'ची तीन अक्षरकार्डं उलटसुलट मांडली आणि मुलगी तिथेच अडली. पाठ होतं, वाचता येत नव्हतं. ताईने भावाला उचलून दुसऱ्या मुलीकडे दिलं आणि मुलीच्या वयाचा विचार न करता पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. हे दप्तराने होत नाही. त्याला रोज येणारं माणूस लागतं, आणि त्या माणसाच्या हातात महिन्याच्या महिन्याला पैसे पडावे लागतात.

"म्हणजे टॅब बिनकामाचे?" आयटीवाला.

बिनकामाचे नाहीत. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत बालसखी नेमल्या होत्या. वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी, मानधन महिन्याला ५०० ते ७५० रुपये. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना त्या शाळेच्या वेळातच दोन तास बाजूला घेऊन शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात त्याची नीट चाचणी घेतली. वडोदऱ्यात संगणकावरच्या गणिती खेळांचीही घेतली. खेळांमुळे गणित सुधारलं, बालसखीपेक्षा जास्तच सुधारलं. पण खर्च बघा : बालसखीचा मुलामागे वर्षाला सव्वादोन डॉलर, संगणकाचा पंधरा डॉलरच्या वर. आणि आपल्या साइटवर टॅब चार्ज करायला वीज दुपारी असते की नसते, हे त्यानेच जाऊन बघावं.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. मुलं कार्यक्रमातून बाहेर पडल्यावर वर्षभरात झालेल्या प्रगतीतला बराचसा भाग ओसरला. म्हणजे एक वर्ष पैसे देऊन हात झटकले तर त्या मुलांच्या पदरात थोडंच उरतं.

इथे सीए बोलायला लागला. २०१३च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ने मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावलं, त्यामुळे पैसा आला हे खरं. पण बरेच करार वर्षाच्या बोलीवर होतात. शाळा जूनमध्ये उघडते आणि मंजुरीचं पत्र कधी कधी दिवाळीनंतर हातात पडतं. मधले महिने ताईला कोण देणार? "आणि लोकांना वाटतं, प्रशासनावर ५ टक्क्यांच्या वर खर्च चालत नाही. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या कार्यालयीन खर्चावर आहे, संस्थेच्या नाही. तरी देणगीदार मानधनाच्या ओळीवर पहिली काट मारतात."

मास्तर तोवर ऐकत होते. पालिकेच्या शाळेत हयात गेली त्यांची. ते उसळले ते वेगळ्याच मुद्द्यावर. "१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून सरकारला बजावलं होतं. २००९चा शिक्षण हक्क कायदा झाला, मुंबई पालिका एकटी शिक्षणावर वर्षाला तीन हजार कोटींच्या वर तरतूद करते. मग वर्गणी आपण का काढायची? संस्था उभ्या राहिल्या की सरकार पाय मागे घेतं."

मास्तरांचा हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. तो खरा आहे. पण त्या शेडमधलं पोर शाळेच्या पटावर येणार कसं? आई-बाप स्लॅबवर, शाळा हमरस्त्याच्या पलीकडे, दाखला गावाकडे राहिलेला. १९८८ साली मुंबईत रजनी परांजपे आणि बीना शेठ लष्करी यांनी डोअर स्टेप स्कूल सुरू केली, पुढे ती पुण्यात आली, ती नेमकी याच दरीवर काम करायला : शाळा मुलाच्या दारात न्यायची आणि मग मुलाला पालिकेच्या शाळेपर्यंत पोचवायचं. असं काम शाळेला पर्याय नसतं. आणि आमच्या साइटवरची संस्था ते करते की नाही, हे आपण विचारलंच पाहिजे.

मास्तर जरा निवळले. "पटावर किती मुलं गेली, ते मला दाखवा. मग देऊ."

तिथेही गोम आहे. टॉवर पूर्ण झाला की कुटुंब वाघोलीहून हिंजवडीला जातं. देणगीदाराच्या कागदावर त्या मुलाची नोंद 'गळती' अशी होते. खरं तर पुढच्या साइटवरच्या ताईला फोन करून त्याला तिथल्या वर्गात बसवणं, हेच सगळ्यात मोलाचं काम. पण फोन करणाऱ्या माणसाचा पगार कुणाच्याच प्रस्तावात बसत नाही.

अंधार पडेपर्यंत एवढं ठरलं : पैसे मानधनालाच. पटनोंदणी मास्तर शाळेत जाऊन बघणार, संस्थेचे हिशेब सीए तपासणार. दादाने दप्तरांचा हट्ट सोडला. अडलं ते मुदतीवर. पुढच्या वर्षी वर्गणी किती जमेल माहीत नाही, म्हणून तो एकाच वर्षाचं लेखी द्यायला तयार आहे. रविवारी बैठक आहे. रक्कम हवी तर कमी करा, पण लेखी तीन वर्षांचंच द्या, यावर मी अडून बसणार आहे.