सर्जाचा हमीभाव

लाकडाचा नंदी कोरणे मला जमते, तो रंगवणेही जमते, आणि त्याच्या गळ्यात घुंगरमाळ अशी बसवता येते की चाके फिरू लागली की ती आपोआप वाजावी. जमत नाही ती एकच गोष्ट, दारात उभ्या राहिलेल्या माणसाला त्या नंदीची किंमत सांगणे. गिऱ्हाइकाने "कितीक लागतीन?" असे विचारले की माझ्या छातीत तयार असलेला आकडा घशापर्यंत येताना निम्मा होतो, जिभेवर येऊन खाकरतो, आणि तोंडाबाहेर पडतो तेव्हा त्याचे "आता तुमाले काय सांगू, द्या आपल्या मनानं" असे वाक्य झालेले असते. या एका वाक्याने माझे जेवढे नुकसान केले आहे तेवढे बोंडअळीनेही माझ्या तीन एकरांतील कपाशीचे केलेले नाही. आमच्या गावची माणसे मनाने वाईट नाहीत. परंतु पोळ्याच्या आठवड्यात ती युरियाची उधारी, शाळेची फी आणि फवारणीचा खर्च यांतून नुकतीच बाहेर पडलेली असतात, आणि अशा वेळी कोणालाही त्याच्या मनाने द्यायला सांगणे हे व्यवहाराला धरून नाही.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की आमच्याकडे पोळा दोन दिवसांचा असतो. पिठोरी अमावास्येला खऱ्या बैलांचा, आणि दुसऱ्या दिवशी पोरांच्या लाकडी नंद्यांचा, म्हणजे तान्हा पोळा. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी तो १८०६ मध्ये सुरू केला असे सांगतात. पोरे नटूनथटून आपापले नंदी ओढत देवळापुढे तोरणाखाली उभे करतात, मग घरोघरी नेतात, नंदीची पूजा होते आणि पोराच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, पडतो. आमचे गाव वर्धा जिल्ह्यात, सिंदी रेल्वे या गावाच्या अलीकडे आहे, आणि सिंदीचा तान्हा पोळा माणसाहून उंच नंद्यांसाठी प्रसिद्ध असल्यामुळे या पंचक्रोशीत नंदी हा विषय कोणी हसण्यावारी नेत नाही. किंमत मात्र नेतात.

माझे आजोबा गावचे वाढई, म्हणजे सुतार, होते. त्यांना भाव सांगण्याचा प्रसंगच आला नाही, कारण वर्षभर वखर, तिफण आणि बंडीचे काम करायचे आणि सुगीच्या वेळी खळ्यावरून ज्वारी घेऊन यायची, असा हिशेब होता. पोरासाठी कोरलेला टीचभर नंदी त्या ज्वारीतच जिरून जाई. ज्वारी बंद झाली, वखर लोखंडी झाले, बंडीला टायर आले, पण नंदी फुकटात असतो ही समजूत तेवढी लाकडीच राहिली, आणि ती वंशपरंपरेने माझ्या वाट्याला आली. मी त्यावर एटीडी केले. चित्रकला शिक्षकाच्या जागेची वाट पाहता पाहता माझ्या कानशिलावरचे केस पांढरे झाले आहेत, परंतु त्या पदविकेमुळे गावात माझी एवढी प्रतिष्ठा नक्की आहे की माझ्याकडून फुकट काम करून घेताना लोक "सर" म्हणतात.

मोबाइलवर फायबरचा नंदी ४९९ रुपयांत दाखवणारे, "लाकूड आमचंच हाय, तुले फक्त कोरायचं तं हाय" म्हणणारे, आणि देवळापुढे तुझेच नाव होईल असे आश्वासन देणारे, हे सगळे मला तोंडपाठ झाले आहेत. गतवर्षी मात्र असे गिऱ्हाईक आले की ज्याच्यापुढे माझा हिशेब आणि माझी शरम यांची समोरासमोर गाठ पडली.

आमच्या गल्लीतील काकाजी मोठे कास्तकार. उन्हाळ्यात त्यांनी ट्रॅक्टर घेतला आणि सर्जा-राजाच्या जोडीतला सर्जा शेजारच्या गावी चाळीस हजारांना विकला. राजा म्हातारा असल्याने गोठ्यातच राहिला. सर्जा गेला त्या दिवशी काकाजींचा नातू जेवला नाही, आणि काकाजी जेवले की नाही ते कोणी विचारले नाही. आषाढात ते माझ्या ओट्यावर आले, म्हणाले, "बाबू, पोट्ट्यासाठी नंदी पायजे. पण नंदी नाई, सर्जा पायजे. हुबेहूब." उंची दीड फूट, खाली पाट आणि चार चाके. आधार म्हणून त्यांनी मोबाइलमधला एक फोटो दाखवला, ज्यात पुढे नातवाचे दात, मागे सर्जाचे तोंड आणि उरलेल्या बैलाच्या जागी कडब्याची गंजी होती.

आम्ही दोघे आरा मशीनवर लाकूड पाहायला गेलो. काकाजींना सागवान हवे होते. पोराला ओढायचे आहे, सागवान जड पडेल, शिवण हलकी, कोरायला मऊ आणि सहसा तडकत नाही, हे मी त्यांना समजावले. मशीनवाल्याने ओंडका मोजला, कानावरची पेन्सिल काढून पाटीवर घनफूट लिहिले आणि १,४०० रुपये सांगितले. काकाजींनी त्यावर एक शब्दही न बोलता मान डोलावली, आणि ते पैसे मी दिले, कारण "सगळं मिळून मंग पाहू" असे ठरले होते. लाकूड मोजता येते म्हणून त्याला भाव असतो, हे मला त्या क्षणी दिसले. लाकडातून जे काढून टाकायचे त्याला कोणते माप लावणार?

पुढचे अकरा दिवस मी सर्जावर काम केले. सर्जा गवळाऊ जातीचा, अर्थात अस्सल वर्धेकर: चेहरा लांबट, डोळे बदामाच्या आकाराचे, शिंगे आखूड. वशिंड कोरताना पटाशीचा एक घाव जास्त बसला तर बैलाचा गोऱ्हा होतो, आणि लाकडाला परत वशिंड फुटत नाही, म्हणून तो सबंध दिवस मी श्वास धरून काढला. काकाजी रोज संध्याकाळी येत, पानाची पिंक कडेला टाकून नंदीभोवती बाजारात फिरतात तसे फिरत, आणि एक नवी आठवण सांगून जात. गळ्याखालची पोळी अजून लोंबती पाहिजे. डाव्या कानाला कातरा होता. एका संध्याकाळी त्यांनी मानेवरच्या जुवाच्या घट्ट्याविषयी सांगितले. मी तो खरखरीत ठेवून उठवला, काकाजींनी त्यावरून अंगठा फिरवला, आणि त्या दिवशी ते काही न सांगताच उठून गेले. या आठवणींचे पैसे लावायचे असतात हे मला एटीडीत कोणी शिकवले नव्हते.

नवव्या दिवशी घात झाला. सर्जाचे एक शिंग किंचित आत वळलेले होते, आणि फोटोप्रमाणे मी डावे शिंग वळवून, खुंटी ठोकून, फेविकॉल लावून पक्के केले होते. काकाजी आले, पाहिले आणि ओरडले, "अबे, त्याचं उजवं वाकळं होतं!" चौकशीअंती असे निघाले की फोटो नातवाने समोरच्या कॅमेऱ्याने काढला होता आणि त्या मोबाइलात उजव्याचे डावे होत असे. शिंगे अदलाबदल करून भागत नाही, कारण डाव्याचा बाक उजव्याला लावला तर बैल आश्चर्यचकित दिसतो. कातऱ्याचा कान काकाजींनी तोंडाने सांगितला होता म्हणून तेवढा वाचला. दोन्ही शिंगे उपटून नवी करण्यात दोन दिवस गेले. ते कोणाच्या खात्यावर, असा प्रश्न मी चाचरत काढला, तेव्हा काकाजींनी न्यायाने सांगितले, "चूक ना तुही, ना माही. मोबाइलची."

नंदी तयार झाल्यावर रात्री मी वही काढली. शिवणीचे १,४०० रुपये, प्रायमर, भेगा भरायची लांबी, पॉलिश पेपर आणि रंगाचे ६२०, पाट आणि चाकांचे ३५०, घुंगरू, बेगड आणि झुलीच्या कापडाचे २८०, एकूण २,६५०. इथवर सोपे होते. अकरा दिवसांची मजुरी कोणत्या दराने लावावी येथे गाडी अडली. माती खोदली असती तर २०२५-२६ च्या दराने रोजगार हमीचे दिवसाला ३१२ रुपये मिळाले असते. विश्वकर्मा योजनेत सुतारकीच्या प्रशिक्षणाला नुसते बसले तरी दिवसाला ५०० रुपये भत्ता मिळतो. अर्थात शिकताना पाचशे, खोदताना तीनशे बारा आणि येत असलेले काम करताना चहा, असा हा दर होता. मी धीर करून पाचशे लिहिले, आणि झूल शिवायला लागलेले सौभाग्यवतींचे दोन दिवस तीनशे बाराने लावले. तिने वही पाहिली आणि विचारले, "तुमाले विश्वकर्मा अन् मले रोजगार हमी?" तेरा दिवसांचे ६,५०० झाले. बेरीज ९,१५०.

आता खरे सांगायचे तर मी येथेच थांबायला हवे होते. परंतु कापसाच्या गावात राहणाऱ्या माणसाला खर्च शब्द उच्चारला की हमीभावाची शिफारस करणारा कृषी खर्च व मूल्य आयोग आठवतो. ए-टू म्हणजे पदरचा खर्च. त्यात घरच्यांची मजुरी धरली की ए-टू अधिक एफएल. आणि स्वतःच्या जमिनीचे भाडे व स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरले की सी-टू. स्वामिनाथन आयोगाने २००६ मध्ये उत्पादन खर्चावर किमान पन्नास टक्के सांगितले, आणि कास्तकार ते सी-टूवरच धरतात. मी ओसरीचे भाडे आणि पटाश्या, रंधा, गिरमिट यांत अडकलेल्या पैशाचे व्याज मिळून ३५० धरले, ९,५०० झाले, त्यावर दीडपट केली, आणि १४,२५० हा आकडा पाहून स्वतःच वही मिटली. एवढ्यात तर बैलाचा पाय येतो, जिवंत.

दुसऱ्या दिवशी नंदी खांद्यावर घेऊन मी काकाजींकडे निघालो. मधे तीनच घरे आहेत, परंतु हापशीजवळ चौदाचे बारा झाले, कडुलिंबाखाली अकरा, आणि काकाजींच्या ओट्याला पाय लागला तेव्हा माझ्यापाशी साडेनऊ उरले होते. ते मी डोळे मिटून बोललो. काकाजींनी पान थुंकले. "साडेनऊ हजार? बाबू, चाळीस हजाराचा सर्जा वखर ओढे. हा तं दुसऱ्यानं ओढा लागते."

मी वही उघडली. घरच्यांची मजुरी, भांडवलाचे व्याज, सगळे वाचून दाखवले आणि शेवटी म्हणालो, "काकाजी, उत्पादन खर्चाच्या दीडपट भाव पाहिजे म्हणून तुम्ही नागपूरले मोर्चात गेले होते ना? मी तं दीडपटही नाई मागत, नुसता खर्च मांगतो." हा घाव बरोबर बसला असे मला वाटले, कारण काकाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ साठी क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव जाहीर होता, तरी तो माणूस दरवर्षी जिनिंगच्या फाटकावर "काय भाव देता?" असे विचारत उभा राहतो, सांगत कधीच नाही; हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही. मग ते शांतपणे म्हणाले, "हमीभाव सरकार देते, बाबू. गिऱ्हाईक नाई देत."

यावर माझ्या वहीत काहीच लिहिलेले नव्हते.

काकाजींनी मग खांद्यावरचा दुपट्टा काढला, माझा हात धरला आणि दोन्ही हातांवर तो टाकला. जन्मभर कापूस, सोयाबीन आणि तूर दुसऱ्याच्या भावाने विकलेल्या या माणसाने स्वतःच्या तोंडाने, म्हणजे स्वतःच्या बोटांनी, भाव केला तो फक्त बैलबाजारात, आणि तेथे त्यांच्या तोडीचा माणूस तालुक्यात नाही. दुपट्ट्याखाली त्यांनी माझी पाचही बोटे दाबली, सोडली, आणि मग दोन दाबली. चेहऱ्यावर रेषही हलली नाही. मला ही भाषा येत नाही. परंतु वाढयाच्या नातवाने आणि वर एटीडी झालेल्या माणसाने ते कबूल कसे करावे, म्हणून मी गंभीरपणे मान हलवली. "जमलं," काकाजी म्हणाले आणि त्यांनी चहा सांगितला.

ते सात हजार होते की बावन्नशे, यावर आमच्या घरी दोन रात्री वाद झाला. सौभाग्यवतींचे म्हणणे बावन्नशे, कारण पाच आधी आणि दोन नंतर. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावभर बैलांचे खांदे लोण्या-हळदीने शेकले जात होते, "आवतन घ्या, जेवायला या" म्हणून बैलांना निमंत्रणे जात होती, आणि मी अंगणात बोटे मोजत होतो. काकाजींनी राजाचे खांदे शेकून झाल्यावर नातवाच्या हाती पाकीट पाठवले. सात हजार निघाले. सामानाचे वजा जाता ४,३५० रुपये उरले, ते तेरा दिवसांवर वाटले, आणि रोजगार हमीपेक्षा दिवसाला बावीस रुपये जास्त पडल्याचे पाहून मी समाधानाने जेवलो.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सर्जा तोरणाखाली पहिल्या ओळीत होता. बेगड लावलेली शिंगे, उजवे किंचित आत वळलेले, कानाला कातरा; पाहणारे वाकून घट्ट्याला हात लावत होते. कोणीतरी काकाजींना विचारले, "कितीक लागले?" मी पाठीमागेच उभा होतो. काकाजींनी मिशीवरून हात फिरवला आणि चारचौघांत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "पंधरा हजार. कला हाय ना बाप्पा, फुकट थोडी भेटते!" जो आकडा मला तीन घरे पार नेता आला नव्हता, तो साडेसातशेने वाढवून, त्यांनी देवळापुढे एका दमात उच्चारला. गिऱ्हाइकालाही वस्तूची किंमत कळत असते, फक्त ती देण्याची वेळ टळून गेल्यावर ती सांगायला त्याला आवडते.

संध्याकाळपर्यंत गावात मी महागडा माणूस झालो. पोळ्यात म्हणतात त्या एका झडतीतही, म्हणजे चिमटे काढणाऱ्या गाण्यातही, माझे नाव आल्याचे कानावर आले, त्यातील यमक येथे देण्यासारखे नाही. आणि आठव्या दिवशी शेजारच्या गावचे एक गृहस्थ पुढच्या वर्षीची ऑर्डर घेऊन आले. "काकाजीले पंधरात देल्ला म्हणते," ते ओट्यावर टेकत म्हणाले, "आपण तं जवळचे. अर्ध्यात जमवा."

पंधराचे अर्धे साडेसात होतात, आणि ते काकाजींच्या सातापेक्षा पाचशेने जास्त असतात, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. तेवढा वेळ मी गप्प राहिलो, आणि माझे गप्प राहणे त्यांना नकार वाटला. "बरं, आठ," ते म्हणाले. माझ्या घशात "द्या आपल्या मनानं" हे वाक्य सवयीने वर येऊ लागले होते, इतक्यात दाराआडून सौभाग्यवती खोकलली.

"आठ," मी म्हणालो, "अन् झुलीची शिलाई वेगळी."