मणिकर्णिकेसमोर फोन खाली ठेवा

आज दिवसभर काशीत फिरलो, विश्वेश्वराचे दर्शन झाले, संध्याकाळची आरतीही पाहिली. तरीही रात्री लॉजच्या खोलीत बसून हे लिहितो आहे ते सकाळी होडीत जे घडले त्याबद्दल, कारण ते मनातून जात नाही.

पहाटे अस्सी घाटावरून होडी घेतली. आम्ही अकरा जण होतो आणि त्यातले आठ जण आपल्या महाराष्ट्रातले. गंगा काशीत उत्तरवाहिनी आहे आणि घाट सगळे पश्चिम काठावर, त्यामुळे सूर्य समोरच्या वाळवंटातून वर येतो आणि त्याचे पहिले ऊन थेट पायऱ्यांवर पडते. हरिश्चंद्र घाट मागे पडला, दशाश्वमेध गेला, आणि मग धूर दिसू लागला. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटासमोर नावाड्याने इंजिन बंद केले आणि हळू आवाजात, ‘यहाँ फोटो मत लीजिएगा,’ असे सांगितले. त्याचे वाक्य पुरे होण्याआधीच पाच फोन वर झाले होते. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी चित्र बोटांनी मोठे केले. त्यांच्या पडद्यावर लाकडांच्या बाहेर आलेली दोन पावले मला स्पष्ट दिसली. चितेजवळ नुकतेच मुंडन केलेला, पांढरे धोतर नेसलेला एक कोवळा मुलगा आमच्याकडे पाठ करून उभा होता.

मी म्हणालो, ‘काकू, फोन खाली ठेवा. त्या मुलाचं कुणीतरी गेलंय.’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘अहो, सगळेच काढतात. आणि तो पाठमोरा आहे, त्याला काय कळतंय?’

त्याला काय कळतंय! मला कळते, म्हणून सांगतो.

माझ्या आजीने काशीयात्रेहून गंगेचा तांब्याचा गडू आणला होता, तोंड झाळून बंद केलेला. यात्रेनंतरचे मावंदे झाले आणि तो देवघरात कोपऱ्यात बसला, तो माझे वडील अखेरचे श्वास घेत होते त्या रात्रीपर्यंत. झाळलेले तोंड काही केल्या उघडेना. शेवटी आईने पक्कड आणून दिली, मी पत्रा उचकटला, आणि तुळशीच्या पानावरून दोन थेंब वडिलांच्या तोंडात सोडले. ते गेले तेव्हा त्यांचे तोंड उघडेच राहिले होते. हनुवटीला पट्टी बांधायच्या आत भेटायला आलेल्या कुणीतरी फोनवर ते टिपले आणि सकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती चित्रफीत फिरत होती. आईने ती पाहिली. तिने मला एकच विचारले, ‘त्यांचं तोंड कुणी झाकलं का नाही रे?’ आज सहा वर्षे झाली, त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

म्हणून होडीतली ती पाच माणसे मला सहन झाली नाहीत. ती परकी असती तर कदाचित एवढा राग आला नसता. पण ही आपली माणसे, ज्यांच्या घरात मयत झाली की चूल पेटत नाही, ज्यांच्याकडे शेजारीसुद्धा रेडिओ बंद ठेवतात, त्यांनी एका अनोळखी पोराचा बाप किंवा आई जळताना टिपून घ्यावी आणि संध्याकाळी ‘काशी दर्शन’ म्हणून गावाला पाठवावी, याला मी निर्लज्जपणाच म्हणेन.

दुपारी हीच मंडळी विश्वनाथाच्या रांगेत माझ्यापुढे होती. मंदिरात फोन नेता येत नाही, तो बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो, आणि तो सगळ्यांनी निमूटपणे ठेवला. कुणी हुज्जत घातली नाही. अहिल्याबाईंनी 1780 साली उभे केलेले हे मंदिर आहे, तिथे शिस्त पाळलीच पाहिजे. पण त्याच विश्वनाथाबद्दल आपली श्रद्धा काय सांगते? काशीत मरणाऱ्याच्या कानात तो स्वतः येऊन तारकमंत्र सांगतो, असेच ना? मग त्याच्या गाभाऱ्यापुढे जो संकोच वाटतो, तो चार पावलांवरच्या मणिकर्णिकेपुढे का वाटू नये?

काशीत मरण झाकून ठेवत नाहीत, हे मला मान्य आहे. प्रेते गल्लीबोळांतून, चहाच्या टपऱ्यांना घासून ‘राम नाम सत्य है’च्या घोषात जातात, लाकडांच्या वखारी भर घाटावर आहेत, आणि पाहणाऱ्याला तिथे कुणी हाकलत नाही. पाहावेच. मीही पाहिले. दाह संपल्यावर मुलगा पाण्याने भरलेले मडके खांद्यावरून मागे टाकतो आणि वळून न पाहता निघून जातो. पोटच्या मुलालाही मागे पाहू नकोस असे जिथे सांगितले आहे, तिथे आपण कोण, की ते फोनमध्ये साठवून वर्षानुवर्षे पाहत राहावे?

इथपर्यंत लिहून थांबलो होतो, कारण एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती लपवली तर खोटे होईल. वडिलांची ती चित्रफीत आईने अजून ठेवली आहे. मी पुसून टाकतो म्हणालो तेव्हा तिने फोन पदराखाली घेतला आणि म्हणाली, ‘राहू दे. त्यात शेवटी तुझा हात दिसतो, त्यांच्या कपाळावर.’ यावर मी काय बोलणार? ज्याचे माणूस गेले त्याने काय जपावे हे त्याचे त्याने ठरवावे, त्यात मला काहीच म्हणायचे नाही. आईला तो हक्क आहे. सोसायटीतल्या दीडशे माणसांना नव्हता, आणि त्या काकूंनाही नव्हता.

मला त्यांच्याशी जरा सौम्यपणे बोलता आले असते, हे आता वाटते. होडी पुढे शिंदे घाटाला, पाण्यात कललेल्या रत्नेश्वराच्या देवळापाशी लागली तेव्हा मी त्यांना उतरायला हातसुद्धा दिला नाही. साठीच्या असाव्यात. पायऱ्या निसरड्या होत्या.

संध्याकाळी आईचा फोन आला. मणिकर्णिका पाहिलीस का, असे तिने विचारले, आणि मी तिला त्या मुलाबद्दल, त्याच्या मडक्याबद्दल, धुराबद्दल सगळे सावकाश सांगितले. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘गडू घेतलास का? लहानच घे. आणि झाळताना समोर उभा राहा, पण फार घट्ट नको म्हणावं.’

विश्वनाथ गल्लीतून घेतला आहे. पंच्यात गुंडाळून पिशवीत ठेवला आहे.