उसना दशक

आमच्याकडे सातला शुभंकरोती होते आणि सव्वासातला वजाबाकी. ‘शत्रुबुद्धिविनाशाय’ म्हणून झालेलं असतं, पण त्याचा असर पंधरा मिनिटंही टिकत नाही.

लेक तिसरीत आहे. माझ्या फोनमधला कॅल्क्युलेटर तिला सापडला त्या दिवशी बायकोने फर्मान काढलं: अभ्यास होईपर्यंत फोन कपाटावर, गणित हाताने. हाताने म्हणजे खरोखरच हाताने. तिची दहा बोटं संपली की ती माझी पकडते.

परवाचं गणित होतं 52 वजा 27.

“दोनातून सात जात नाहीत,” मी सुरुवात केली. “मग शेजारच्या पाचाकडून एक उसना घ्यायचा. पाचाचे झाले चार, दोनाचे बारा.”

“एकच घेतला ना? मग बारा कसे?”

“तो एक म्हणजे दहा. तो दशकाच्या घरात राहतो.”

“म्हणजे पाचाचा एकच गेला आणि दोनाला दहा मिळाले?”

पतपेढीच्या वार्षिक सभेत सभासदांसमोर उभं राहिल्यासारखं वाटलं मला. शेवटी काड्यांचा गठ्ठा आणला, रबर काढून दहा काड्या सुट्या केल्या. ते तिला पटलं. बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन, पंचवीस. मी वही मिटणार तेवढ्यात पुढचा प्रश्न आला.

“मग पाचाला त्याचा दशक परत कधी द्यायचा?”

“परत नाही द्यायचा.”

“ढापला?”

आई पलीकडे वाती वळत होती. तिच्यासमोर उसनं घेऊन परत न करण्याची गोष्ट काढायची नसते. वाटीभर साखर आणली तर परतताना ती वाटीला शीग लावून देते.

“अरे, परत न द्यायला काय झालं?” म्हणत ती उठलीच. “हे बघ बाळ. दोनाला दहा दिले, झाले बारा. बारातून सात गेले पाच. आता हातचा एक खालच्या दोनात मिळवायचा, झाले तीन. पाचातून तीन गेले दोन. पंचवीस. वर दहा दिले, खाली दहा दिले, फरक तोच. कुणाचं देणं राहिलं नाही.”

मी बघतच राहिलो. माझ्या पद्धतीत एक दशक फोडायचा, आईच्या पद्धतीत दोन्ही संख्या दहांनी वाढवायच्या. दोन्ही बरोबर. पण लेकीने दोन्ही एकाच उदाहरणात वापरल्या, वरून एक काढला आणि खाली एक मिळवला. उत्तर आलं पंधरा. मग त्या दहांचा हिशोब शोधण्यात जेवायची वेळ झाली.

आईचं गणित पक्कं आहे, ते मान्यच. तीसपर्यंत पाढे आणि वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. 1957 साली आणे जाऊन नवे पैसे आले, ही बातमी आईच्या गावच्या मास्तरांपर्यंत पोचली नसावी. “साडेतीनचा पाढा कशाला?” असं लेकीने विचारलं, तर आई म्हणाली, “ब्लाऊजपीस कापताना लागतो.” साडेतीन मीटरचं ब्लाऊजपीस मी काही पाहिलेलं नाही, पण वाद कोण घालणार.

आकड्यांची नावं ही निराळीच दुखरी जागा. मी ‘एकोणऐंशी’ म्हणालो की लेक 89 लिहिते. ऐंशी ऐकू येते ना तिला. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात बत्तीसच्या जोडीला ‘तीस दोन’ आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकर पुस्तकाच्या गणित समितीच्या वतीने शांतपणे समजावत होत्या, आणि मी चहाच्या टपरीवर ‘मराठी बुडाली’ म्हणून टेबल बडवत होतो. तेव्हा लेक शाळेत जात नव्हती. आता रोज सव्वासातला मी मनातल्या मनात त्यांची माफी मागतो.

शनिवारी भाजीला गेलो. बिल एकशे पस्तीस, मी दोनशेची नोट दिली. मावशींनी माझ्या हातावर पैसे ठेवत म्हटलं, “हे पाच, एकशे चाळीस. हे दहा, दीडशे. हे पन्नास, दोनशे.” लेक माझ्या कानात म्हणाली, “बाबा, यांनी वजाबाकी केलीच नाही. बेरीज केली!” मी तिला गप्प केलं. घरात दोन पद्धतींचं भांडण मिटलेलं नाही, तिसरी कुठे नेऊ?

रविवारी 400 वजा 167 आलं. एककाकडे शून्य, त्याने शेजाऱ्याकडे मागावं तर तिथेही शून्य. “मग शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याकडे मागायचं,” मी म्हणालो. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीच चहा करायला उठलो. साखरेचा डबा रिकामा. वाटी देऊन तिलाच समोरच्या काकूंकडे पिटाळलं.

बराच वेळ झाला तरी येईना. आली ती जिना दणाणत.

“बाबा, काकूंकडे शून्य होती! मग त्यांनी वरच्या मजल्यावरून अख्खा डबा आणला. नऊ वाट्या स्वतःला ठेवल्या आणि एक आपल्याला दिली!” चपला न काढताच वहीवर बसली आणि चारावर काट मारून तीन लिहिले, मधल्या शून्यावर नऊ, शेवटच्यावर दहा. दोनशे तेहतीस.

मी आनंदाने आईकडे पाहिलं. ती वाटीकडे पाहत होती.

“एवढी साखर आणलीस. परत कधी द्यायची ते विचारलंस का?”