हिरवी खूण काढून टाकू नका

एसव्हीएन आणि गिट या फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणाली विंडोजच्या एक्सप्लोररमधून वापरण्यासाठी टॉर्टोइसएसव्हीएन आणि टॉर्टोइसगिट हे प्रोग्रॅम असतात. ते बसवले की आधी फाइलींवरचे स्टेटस आयकॉन, म्हणजे फाइलीची स्थिती दाखवणाऱ्या हिरव्या खुणेसारख्या छोट्या खुणा, बंद करा, असा एक सल्ला हल्ली हातोहात फिरतोय. कारणं चार दिली आहेत: आयकॉनांमुळे एक्सप्लोरर रखडतो, ते धड दिसत नाहीत, दिसले तरी चुकीचं सांगतात, आणि टाइप करून कमांड देता येणाऱ्याला त्यांची गरजच नाही. हा सल्ला मीही एकेकाळी पाळला होता. आता तो मला पटत नाही.

रखडण्याची तक्रार खोटी नाही. पण टॉर्टोइसएसव्हीएनमध्ये फाइलींची स्थिती तपासण्याचं काम टीएसव्हीएनकॅश नावाची वेगळी प्रोसेस करते आणि तिला सगळ्यात कमी प्राधान्य दिलेलं असतं. नेटवर्क ड्राइव्हवर आयकॉन मुळात बंदच असतात. कुणी तिथे चालू केले असतील तर ते आधी बंद करावेत. डिस्कवरचे नको ते फोल्डर सेटिंगमध्ये वगळता येतात. तरीही भागलं नाही, तर सेटिंगमध्ये कॅशचा, म्हणजे स्थिती साठवून ठेवण्याचा, ‘शेल’ पर्याय निवडा, म्हणजे समोर उघडलेल्या फोल्डरापुरतंच काम होतं. एवढं केल्यावरही मशीन अडत असेल, तर आयकॉन बंद करायला माझी ना नाही.

दिसत नाहीत, याचं कारण विंडोजमध्ये आहे. अशा आयकॉनांसाठी तिथे एकूण १५ जागा. त्यातल्या ४ विंडोज स्वतः घेतं, उरलेल्या ११ साठी वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स आणि टॉर्टोइस यांची ओढाताण. जागा नावांच्या वर्णक्रमाने मिळतात, म्हणून नंबर वर लागावा यासाठी रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीतल्या) नावाआधी मोकळ्या जागा टाकण्याची चढाओढ चालते. टॉर्टोइसच्या सेटिंगमधून ‘दुर्लक्षित’, म्हणजे मुद्दाम नोंदीबाहेर ठेवलेल्या, फाइलींचा आयकॉन काढला की एक जागा सुटते. अजून नोंदीत न घेतलेल्या फाइलींवरचं प्रश्नचिन्ह मात्र काढू नका; का ते पुढे सांगतो.

‘चुकीचं सांगतात’ या आरोपात आयकॉनाचा दोष थोडा आणि आपल्या समजुतीचा जास्त आहे. हिरवी खूण म्हणजे फाइल सर्व्हरइतकी ताजी आहे, असं नव्हे. तिचा अर्थ एवढाच, की तुमच्या प्रतीत तुम्ही काही बदललेलं नाही. मधल्या वेळात सहकाऱ्याने नवी आवृत्ती चढवली तरी खूण हिरवीच राहते. गिटमध्ये तुम्ही कमिट केलं (बदल आपल्या प्रतीत नोंदवला) आणि पुश (तो सर्व्हरवर पाठवणं) राहून गेलं, तरीही हिरवीच. सर्व्हरचं जाणून घ्यायचं तर एसव्हीएनमध्ये बदल तपासायच्या खिडकीत रिपॉझिटरी (सर्व्हरवरचा साठा) तपासण्याचं बटण आहे. कधी आयकॉन शिळा राहतो हेही खरं. बहुतेकदा एफ५ दाबल्यावर तो सुधारतो.

आता कमांड. स्टेटसची कमांड सगळं सांगते, पण विचारल्यावर. आणि विसरलेल्या गोष्टीबद्दल माणूस विचारतच नाही. आयकॉन बंद ठेवण्याच्या काळात मी एका संध्याकाळी बाकीचे बदल कमिट करून घरी गेलो. नवी केलेली एक फाइल ॲड करायची, म्हणजे नोंदीत घ्यायची, राहिली होती. माझ्या मशीनवर बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार होणं) व्यवस्थित होत होता, कारण फाइल तिथे होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांचे बिल्ड पडले आणि कारण सापडेपर्यंत अर्धा दिवस गेला. त्या फाइलीवर निळं प्रश्नचिन्ह असतं, तर फोल्डर उघडताच डोळ्यांत भरलं असतं.

शिवाय एसव्हीएन वापरणारे सगळे कमांड लिहिणारे नसतात. ड्रॉइंग करणारे, मॅन्युअल लिहिणारे, चित्रं बनवणारे लोक एक्सप्लोररमध्येच काम करतात. त्यांच्या फाइली सहसा दोन प्रतींमधून जुळवून एक करता येत नाहीत. दोघांनी एकच ड्रॉइंग बदललं, तर एकाची मेहनत वाया जाते. त्यासाठी ‘नीड्स-लॉक’ ही सोय आहे: लॉक, म्हणजे ती फाइल बदलण्याचा हक्क, घेईपर्यंत फाइल फक्त वाचता येते आणि तसा आयकॉन तिच्यावर दिसतो. तो पाहून ड्राफ्ट्समन आधी लॉक घेतो, मग फाइल उघडतो. लॉक दुसऱ्याकडे असेल, तर तेही त्याला काम सुरू करण्याआधीच कळतं. आयकॉन काढला, तर दोन तास रेघा मारून झाल्यावर सेव्ह करताना त्याला कळेल की ही फाइल लिहिता येत नाही.