माळरान म्हणजे अर्धवट राहिलेलं जंगल नव्हे

पावसाळा तोंडावर आला की हा मजकूर फिरू लागतो: ‘उघडा माळ म्हणजे तुटलेलं जंगल. आधी शेवाळ, मग गवत, झुडूप, शेवटी झाड, हा निसर्गाचा क्रम. चर खणा, रोपं लावा, चराई बंद करा. दहा वर्षांत जंगल उभं राहील.’ पूर्व पुणे ते सोलापूर पट्ट्यातल्या माळांना हे लावायचं म्हणजे माळच घालवायचा.

‘शेवटी झाडच.’ अनुक्रमणाला, म्हणजे एका जागी वनस्पती एकामागून एक बदलत जाण्याला, ठरलेला एकच शेवट असतो, ही अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्सची 1916 ची मांडणी. त्याच क्षेत्रातल्या हेन्री ग्लीसननं 1926 मध्येच तिला हरकत घेतली. आपल्याकडे ती मांडणी अजून चालते आहे. इथे पाऊस 500-600 मिमी, तोही बेभरवशाचा, आणि मुरमावर वीतभर माती. गवताचे कोंब जमिनीलगत असतात, त्यामुळे चरलं-जळलं तरी ते फुटतं. झाडाचं रोप मागे पडतं. हिवर, बोर, बाभूळ असतात, पण विरळ.

‘तुटलेलं जंगल.’ काही ठिकाणी खरं. धावडा, पळस यांच्या जुन्या बुडख्यांना फुटवे दिसले, तर ती जागा नुसती राखावी, लागवडही नको. पण पवन्या-मारवेल या बहुवर्षायू गवतांचे जुने थोंब (झुबके) आणि खरपुडी या माळावरच्या कंदवर्गीय वनस्पतीचे कंद सापडले, तर तो जुना माळ समजावा.

‘चर खणा, रोपं लावा.’ सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. 60 सेमी रुंद, 30 सेमी खोल सलग समतल चरात (उताराला आडव्या, एकाच पातळीत खणलेल्या) थोंब मुळासकट उखडतात, मुरूम वर येतो आणि त्या ढिगावर गाजरगवत नि तरोटा माजतो. वर गिरिपुष्पाची झाडं लावली की त्यांच्या दाट सावलीत उरलंसुरलं गवतही जातं. माळढोक आणि धाविक हे माळावरचे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. त्यांनी जायचं कुठे?

‘चराई बंद करा.’ निम्मं बरोबर. अतिचराईनं पवन्या-मारवेल हटतात, कुसळी (टोचऱ्या कुसळांचं गवत) येते, पुढे नुसती हंगामी गवतं उरतात. विसावा दिला की बहुधा उलट्या क्रमानं सुधारणा होते. पण कायमची बंदी घातली तर वाळलेलं गवत साचून कोंबांना ऊन मिळत नाही आणि वणवा भडकतो. म्हणून मारवेल-पवन्याचं बी झडल्यावर, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, 8-10 सेमी बुडखा ठेवून विळ्यानं कापणी करावी. कुसळी मात्र कुसळं धरण्याआधीच कापावी: म्हणजे कुसळं जनावरांच्या तोंडाला टोचत नाहीत, आणि तिचं बीही कमी पडतं.